पाचव्या प्रश्नाचे तीन गुण

पंख्यांच्या आवाजात आमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नसेल तर हात वर करा, लाजू नका. ऑनलाइन ऐकणाऱ्यांना आणि नंतर हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं, की सोलापुरातली एप्रिलची संध्याकाळ आहे आणि तरी सभागृह भरलंय. यात निम्मे तरी गणिताचे शिक्षक असणार. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासून नुकतेच मोकळे झालेले चेहरे आम्हाला लांबूनही ओळखता येतात. (हशा.)

आणखी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतोय ते स्वतःला मोठेपणा घेण्यासाठी नाही. आम्ही तिघं-चौघं बरीच वर्षं एकत्र पेपर बघत आलो, एकमेकांच्या गुणांवरून भांडत आलो. त्या भांडणांतून जे हाती लागलं ते आज मांडायचंय, आणि उभं राहायची पाळी आमच्यातल्या एकावर आलीय एवढंच.

विषय थोडक्यात असा. गणितातला वरच्या पातळीचा विचार तपासायचा म्हणून आपण काही प्रश्न मुद्दाम घालतो. शाळेत त्यांना सरळ 'हॉट्स'चे प्रश्न म्हणतात. त्या प्रश्नांना आपण जे गुण देतो, ते भरवशाचे असतात का? तीच उत्तरपत्रिका पंढरपूरच्या परीक्षकाकडे गेली, बार्शीच्या परीक्षकाकडे गेली, किंवा त्याच परीक्षकाकडे पंधरा दिवसांनी परत आली, तर गुण तेवढेच राहतील का? बी.एड.ला आपण याला विश्वसनीयता म्हणून शिकलो, दोन गुणांचं टिपण लिहिलं आणि विसरलो.

आधी हिशेब पाहू. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचे दोन पेपर, भाग एक आणि भाग दोन, प्रत्येकी ४० गुणांचे. त्यात चौथा प्रश्न ८ गुणांचा: चार-चार गुणांची दोन उदाहरणं सोडवायची, आणि ती पुस्तकातल्या सरळ उदाहरणाच्या पलीकडे जाणारी. पाचवा प्रश्न ३ गुणांचा: तिथे मुलाने स्वतः काही रचायचं, शोधायचं, कारण द्यायचं. म्हणजे एका पेपरात ११ गुण, दोन्ही मिळून ८० पैकी २२. पहिल्या तीन प्रश्नांत परीक्षकांचं फारसं दुमत होत नाही. पर्याय निवडायचा प्रश्न, रिकाम्या चौकटी भरायची कृती, सूत्र घालून उत्तर काढायचं उदाहरण, यात गुण इकडेतिकडे झाले तरी अर्ध्या-एका गुणाने. भांडण आहे ते या २२ गुणांचं. आणि अकरावीच्या यादीत एका गुणाने कॉलेज बदलतं, हे इथल्या पालकांना आम्ही सांगायची गरज नाही.

आता तुम्हालाच कामाला लावतो. पाचव्या प्रश्नाच्या धर्तीवर आम्ही रचलेला हा प्रश्न: 'दोन चलांतील अशी दोन रेषीय समीकरणे तयार करा की त्यांची उकल क्ष बरोबर १२ आणि य बरोबर ८ येईल. त्यांवर शाब्दिक उदाहरण तयार करा व ते सोडवा.' गुण ३. (आम्ही क्ष-यवाल्या जुन्या पिढीचे आहोत, समजून घ्या.) आणि ही चार उत्तरं. तीही आमचीच बेतलेली आहेत, पण यातल्या प्रत्येकासारखं उत्तर तुम्ही कधी ना कधी तपासलेलं आहे.

पहिलं उत्तर. 'दोन भावांच्या वयांची बेरीज २०, वजाबाकी ४, तर त्यांची वये काढा.' बेरीज करून २क्ष बरोबर २४, क्ष बरोबर १२, य बरोबर ८. स्वच्छ अक्षर, उत्तराभोवती चौकट.

दुसरं उत्तर. 'एका दुकानदाराने चादरी आणि टॉवेल मिळून २० नग घेतले. चादर ४०० रुपयांना, टॉवेल १५० रुपयांना. एकूण बिल ६००० रुपये झाले. तर चादरी किती आणि टॉवेल किती?' सोलापूरचंच पोरगं दिसतंय. (हशा.) पण पुढे त्याने समीकरणं पद्धतशीर सोडवलेली नाहीत. त्याने लिहिलंय, '१२ आणि ८ घालून बघितले. नग २० होतात. ४८०० आणि १२०० मिळून ६००० होतात. म्हणून बरोबर.'

तिसरं उत्तर. 'ताईचे वय भावाच्या वयापेक्षा ४ ने जास्त आहे. दोघांच्या वयांच्या दुपटींतील फरक ८ आहे.' समीकरणं: क्ष वजा य बरोबर ४, आणि २क्ष वजा २य बरोबर ८. खाली: 'क्ष १२, य ८ ठेवून दोन्ही समीकरणे खरी होतात. म्हणून उकल १२, ८.'

चौथं उत्तर. यात शाब्दिक उदाहरण नाहीच. मुलीने आलेख काढलाय, त्यावर १२ आणि ८ चा बिंदू दाखवलाय, त्यातून चार-पाच रेषा ओढल्यात आणि लिहिलंय: 'या बिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही दोन वेगळ्या रेषा घेतल्या तरी उकल हीच येईल. म्हणून अशा समीकरणांच्या जोड्या कितीही तयार करता येतात. पण दोन रेषा एकच असतील तर चालणार नाही.' खाली एक जोडी उदाहरणादाखल. मग बहुतेक वेळ संपली.

चला, द्या गुण. चौथ्याला किती? शून्य कुणी? इकडे दोन हात. एक? बरेच. दोन? हेही बरेच. तीन? मागे एक सर, एक बाई. बघा, ३ गुणांच्या प्रश्नात शून्यापासून तीनपर्यंत सगळी पट्टी आपण एका मिनिटात वापरून संपवली. आता तिसऱ्याला? पूर्ण तीन म्हणणारे हात आहेत, ते वर करणाऱ्यांनी जरा परत बघा. दुसरं समीकरण पहिल्याची नुसती दुप्पट आहे. ती वेगळी माहितीच नव्हे. ताई १२ आणि भाऊ ८ चालतात, तसे ३० आणि २६ ही चालतात. उकली अनंत आहेत. उत्तर नीटनेटकं दिसतं, ताळा जुळतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी प्रश्न विचारला होता तीच गोष्ट या मुलाला कळलेली नाही. हात वर केलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नका. तीस-चाळीस उत्तरपत्रिकांनंतर आम्हीही इथे बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो. किंबहुना, गेलेलो आहोत.

त्याची कबुली इथेच देऊन टाकतो. एका सराव परीक्षेच्या वेळी आमच्यातल्या एकाने गंमत म्हणून एका उत्तराची झेरॉक्स काढून, नाव बदलून, गठ्ठ्यात खाली घुसवली. तपासणाऱ्याला, तोही आमच्यातलाच, पत्ता नव्हता. वर त्या उत्तराला चारपैकी तीन मिळाले, खाली दीड. वरच्या वेळी आधीच्या दोन-तीन उत्तरपत्रिका अगदीच सुमार होत्या, त्यामुळे हे उत्तर उजवं वाटलं. खालच्या वेळी नुकतंच एका हुशार मुलाचं झकास उत्तर डोळ्यांखालून गेलं होतं. माणूस तोच, पेन तेच, आणि मधे फक्त एक चहा झालेला. त्या दिवशी आम्ही फार हसलो. नंतर हसू आलं नाही, कारण तसे गठ्ठे आम्ही वर्षानुवर्षं तपासत आलो होतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही, आणि आजचंही नाही. अमेरिकेत १९१३ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांना तपासायला पाठवली. आधीच्या वर्षी इंग्रजीच्या पेपरवर त्यांनी हाच प्रयोग केला होता, तेव्हा लोक म्हणाले असणारच की भाषेत असं होतंच, गणितात होणार नाही. भूमितीच्या त्या एका उत्तरपत्रिकेला १०० पैकी २८ पासून नव्वदीच्या पुढेपर्यंत गुण पडले. कुणी टापटिपीचे गुण कापले, कुणी नाही. कुणाला पद्धत महत्त्वाची वाटली, कुणाला उत्तर. पुढे १९३५ साली इंग्लंडमध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांचा अभ्यास आला. त्यात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या, आणि बारा ते एकोणीस महिन्यांनी त्याच परीक्षकांना त्याच परत दिल्या. २१० निवाड्यांपैकी ९२ बदलले. म्हणजे परीक्षकाने आधी दिलेला निकालच बदलला. हार्टॉग हे नाव ओळखीचं वाटतंय ना? हो, तेच. १९२९ च्या हार्टॉग समितीचे हार्टॉग, ज्यांच्या 'गळती आणि स्थगिती'वर आपण सगळ्यांनी बी.एड.ला उत्तरं लिहिली. आपल्याकडच्या शाळांतून मुलं का गळतात हे पाहून गेलेला माणूस नंतर परीक्षकांच्याच मागे लागला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग मंडळाला हे माहीत नाही का? आहे. म्हणूनच तपासणीच्या आधी नियामकांची सभा होते, नमुना उत्तरं आणि गुणदान योजना ठरते, परीक्षकाने तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका नियामक परत पाहतो. निकालानंतर गुणपडताळणी आहे, छायाप्रत आहे, पुनर्मूल्यांकन आहे. ही यंत्रणा नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही, आणि तिला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. पण तिने विश्वसनीयता कशी मिळवलीय, कोणत्या किमतीला मिळवलीय, हे पाहणं आपलं काम आहे. आमची टीका नेमकी इथे आहे.

किंमत अशी. परीक्षकांचं एकमत व्हावं म्हणून आपण उत्तराचे तुकडे पाडतो. समीकरणं लिहिली, १ गुण. शाब्दिक उदाहरण, १ गुण. सोडवलं, १ गुण. चार गुणांच्या उदाहरणात तर अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. आता ही योजना आपल्या चार उत्तरांना लावा. पहिल्याला ३. दुसऱ्याला २, फार तर अडीच. तिसऱ्याला, समीकरणं दोन आहेत, उदाहरण आहे, ताळा आहे, म्हणून २. चौथ्या मुलीला १. आणि आता गंमत बघा. या योजनेने सभागृहातले आपण सगळे जवळपास एकमताने हेच गुण देऊ. विश्वसनीयता उत्तम! फक्त जिने या विषयाचा गाभा पकडलाय तिला सगळ्यांत कमी गुण, आणि ज्याला तो अजिबात कळला नाही त्याला तिच्या दुप्पट. बी.एड.च्या त्याच पुस्तकात विश्वसनीयतेच्या शेजारच्या पानावर दुसरा शब्द होता, सप्रमाणता. जे मोजायचं म्हणतो तेच मोजतोय का? वजनकाटा रोज नेमाने शंभर ग्रॅम कमीच दाखवत असेल तर तो काटाही फार विश्वासू असतो. भाजीवाल्याला विचारा.

आणि याचा परिणाम परीक्षेच्या हॉलपर्यंत थांबत नाही. गुण पायऱ्यांना मिळतात हे कळलं की वर्गात पायऱ्या शिकवल्या जातात. 'पाचव्या प्रश्नात वयाचं उदाहरण घाला, बेरीज-वजाबाकी घ्या, तीन गुण पक्के', हे वाक्य तुम्ही म्हटलेलं आहे, आम्हीही म्हटलेलं आहे. स्वतः रचायचा प्रश्न दोन-तीन वर्षांत पाठ करायचा प्रश्न होतो. २००६ मध्ये एनसीईआरटीच्या गणित अध्यापनावरच्या राष्ट्रीय गटाने हेच दुखणं नोंदवलं होतं: मूल्यमापनाच्या ओबडधोबड रीतींमुळे गणित म्हणजे यांत्रिक आकडेमोड असा समज पक्का होतो. आमचं म्हणणं, आपण प्रश्न बदलले पण तपासायची रीत तीच ठेवली, आणि त्या रीतीने नव्या प्रश्नांना ओढून जुन्या प्रश्नांच्या रांगेत बसवलं.

भूमितीतलं एक उदाहरण देऊन टाकतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, सिद्ध करा. पुस्तकी सिद्धता अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयावरून जाते. एका मुलाने काय करावं? वर्तुळाचा केंद्र आरंभबिंदूवर घेतला, व्यासाची टोकं त्रिज्येएवढ्या अंतरावर डावी-उजवीकडे ठेवली, वर्तुळावरच्या बिंदूचे निर्देशक अ आणि ब घेतले, आणि अंतराच्या सूत्राने दोन्ही बाजूंचे वर्ग मांडून बेरीज केली. अ वर्ग अधिक ब वर्ग म्हणजे त्रिज्येचा वर्ग, म्हणून बेरीज आली त्रिज्येच्या वर्गाच्या चौपट, म्हणजेच व्यासाचा वर्ग. मग पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, आणि झालं. यातली प्रत्येक गोष्ट दहावीच्या अभ्यासक्रमात आहे. पण पक्ष, साध्य, सिद्धता असे मथळे नाहीत, 'अंतर्लिखित कोन' हा शब्द कुठेच नाही. परीक्षकाची नजर त्या शब्दावर बसलेली असते. त्याला पूर्ण गुण द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि गुणदान योजनेत 'पर्यायी योग्य पद्धतीस पूर्ण गुण द्यावेत' अशी एखादी ओळ असली तर ती आपल्या बाजूनेच बोलते. पण पर्यायी पद्धत योग्य आहे की नाही हे ठरवायला वेळ लागतो, थोडं थांबून आपल्यालाही गणित करावं लागतं. दर उत्तरपत्रिकेमागे मोबदला मिळणाऱ्या, सकाळची शाळा करून दुपारच्या उन्हात गठ्ठा घेऊन बसलेल्या शिक्षकाला ही ओळ म्हणजे पगाराविना ओव्हरटाइम आहे.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती पुण्या-मुंबईच्या चर्चेत कधी येत नाही. आपल्याकडे मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बोलणं तेलुगूत, शाळा मराठीत, आणि सेमी-इंग्रजी घेतलं तर गणित इंग्रजीत. अशा मुलीला आपण विचारतो, 'कारण लिहा.' आकडेमोडीत तिची भाषा आड येत नाही. कारण लिहिताना येते. तिचं वाक्य मोडकं असतं, क्रियापद भलतीकडे असतं, आणि परीक्षक त्या मोडक्या वाक्यातून विचार वेचायचा की नाही हे स्वतःच्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. एक म्हणतो, कळलंय तिला, देऊ या. दुसरा म्हणतो, लिहिलंय तेवढंच बघायचं. दोघंही प्रामाणिक. गुण मात्र दीड आणि शून्य. उच्च स्तरीय प्रश्नांत गुणांची जी ओढाताण होते तिचा मोठा वाटा गणिताचा नसून भाषेचा असतो, असा आमचा अनुभव आहे.

आता आकडेवारीकडे थोडंसं, कारण या क्षेत्रात 'परीक्षकांचं एकमत नव्वद टक्के' अशी वाक्यं सर्रास फेकली जातात. समजा, १०० उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासल्या आणि पाचव्या प्रश्नात ९० ठिकाणी गुण जुळले. ऐकायला छान. पण समजा, त्या १०० पैकी ८० मुलांनी तो प्रश्न कोराच सोडलाय. कोऱ्या जागेला शून्य देण्यात कसलं आलंय एकमत? उरलेल्या २० मध्ये १० जुळले, १० नाही. म्हणजे जिथे खरोखर निवाडा करायचा होता तिथे नाणेफेक. निव्वळ योगायोगाने जुळणारा भाग वजा करून एकमत मोजायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिली, तिला कप्पा म्हणतात, आणि ती वापरायला हवीच. पण त्याच्याही आधी कोरी उत्तरं बाजूला काढा. आणि दोन परीक्षकांच्या गुणांचा सहसंबंध उच्च आहे म्हणून समाधान मानू नका. एक परीक्षक सगळ्यांना दुसऱ्यापेक्षा नेमका एक गुण कमी देत असेल तर सहसंबंध पूर्ण एक येईल आणि एकही गुण जुळणार नाही. कडक परीक्षकाच्या वाट्याला गेलेल्या मुलांना सहसंबंधाचं काय करायचंय?

'मग सगळे प्रश्न पर्यायी करा, मशिनने तपासा', असं कुणी म्हणेल. शिष्यवृत्ती परीक्षेत आपण तेच करतो, आणि तिथे तपासनिसाची विश्वसनीयता हा प्रश्नच उरत नाही. त्या परीक्षेची स्वतःची जागा आहे. पण चौथ्या उत्तरातली मुलगी तिथे काय करेल? चारपैकी एका गोलाला काळं. तिचा आलेख कुणाला दिसणारच नाही.

दुसरी वाट आहे, आणि ती आपल्या राज्यातून जाऊन आलेली आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९९६ साली मुंबईत झालं होतं. तिथे सहा प्रश्न, प्रत्येकी ७ गुण, एकूण ४२. सगळेच प्रश्न सिद्धतेचे, म्हणजे शंभर टक्के 'हॉट्स'. मुलं आपापल्या भाषेत लिहितात. आणि गुण कसे ठरतात? त्या देशाचे मार्गदर्शक आपल्या मुलांची उत्तरं वाचून येतात, यजमान देशाचे समन्वयक समोर बसतात, आणि दोन्ही बाजू टेबलावर उत्तर उलगडून बोलतात: ही पायरी खरी आहे का, इथे काय गृहीत धरलंय, हा विचार शेवटपर्यंत जाऊ शकला असता का. एकमत झालं की गुण लिहिले जातात. एका प्रश्नाची सगळ्या देशांची उत्तरं समन्वयकांचा एकच गट पाहतो, त्यामुळे एकाला कडक, दुसऱ्याला ढिले, असं होत नाही. तिथे विश्वसनीयता तुकडे पाडून मिळवलेली नाही. ती बोलून मिळवलेली आहे. लाखो उत्तरपत्रिकांना हे जसंच्या तसं लागू होणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण यातला एक भाग उचलता येतो: एका परीक्षकाने पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी चौथा-पाचवा प्रश्न वेगळ्या गटाकडे जावा, आणि त्या गटाने फक्त तेच पाहावेत. पहिल्या पानावरच्या सुंदर अक्षराचा प्रभाव पाचव्या प्रश्नावर पडायचाही त्याने थांबेल.

दुसरी उचलण्यासारखी गोष्ट टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीतली. १९९५ पासून त्यांच्या लेखी उत्तरांना दोन अंकी संकेत देतात. पहिला अंक सांगतो उत्तर कितपत बरोबर, दुसरा सांगतो मुलाने कोणती वाट धरली, किंवा कोणती चूक केली. कल्पना करा, आपल्या चौथ्या मुलीच्या नावापुढे नुसता '१' न राहता 'आलेखावरून सामान्य कारण दिलं' अशी नोंद राहील. आणि तिसऱ्या उत्तरासारखी किती मुलं समीकरणाची दुप्पट म्हणजे नवं समीकरण समजतात, हे जिल्ह्याला कळेल. आज ते कुणालाच कळत नाही. गठ्ठे परत जातात, प्रश्न संपतो.

तिसरी रीत जुनी आहे, पण अलीकडे इंग्लंडात शालेय गणितासाठी परत वापरून पाहिली गेलीय. लुई थर्स्टन यांनी १९२७ साली मांडलेली: गुण देऊच नका, दोन उत्तरं शेजारी ठेवा आणि यातलं सरस कोणतं एवढंच सांगा. अशा अनेक जोड्या अनेकांनी पाहिल्या की गणिताने क्रम लागतो. सोलापूरच्या व्यापाऱ्याला दोन चादरी हातात द्या. कुठली भारी हे तो पोत चाचपून क्षणात सांगेल, आणि दुसरा व्यापारीही बहुधा तेच सांगेल. पण 'या चादरीला दहापैकी किती?' विचारलंत तर दोघांत वाद होईल. आम्हाला ही रीत शाळेच्या पातळीवर फार आवडते. बोर्डासाठी नको वाटते. कारण छायाप्रत घेऊन आलेल्या बापाला 'तुमच्या मुलीचं उत्तर इतर उत्तरांशेजारी कमी ठरलं' हे उत्तर देता येत नाही. त्याला कुठे आणि का, ते दाखवावं लागतं, आणि तो त्याचा हक्क आहे. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेले भाग बघतात, निवाडा बदलत नाही. निवाड्याशी भांडायचं तर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. ती पायरी गाठणारे पालक कोण असतात? विडी वळणारी आई ती पायरी गाठत नाही. तिच्या मुलीचे दोन गुण गेले तर ते गेले.

(प्रश्नोत्तरांतून)

ताईंचा प्रश्न आहे की हे सगळं करायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा. बरोबर आहे. म्हणून आम्ही सगळ्या पेपरची दुहेरी तपासणी मागत नाही. फक्त त्या ११ गुणांची, आणि तीही जिथे मुलाने काही लिहिलंय तिथेच. कोरी पानं वगळली की काम बरंच हलकं होतं. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक असेल तरच तिसरा. आणि शाळेच्या पातळीवर तर पैसाही लागत नाही. सराव परीक्षेत दोन शेजारच्या शाळांनी पाचव्या प्रश्नाचे गठ्ठे अदलाबदल करायचे, शनिवारी दुपारी एकत्र बसायचं, जिथे फरक पडला ती उत्तरं मोठ्याने वाचायची. आम्ही हे करतो. पहिल्या बैठकीत दोन माणसं रागावून निघून गेली होती. ती आता नेमाने येतात. चहा मात्र चांगला ठेवा.

मागून सर विचारताहेत, तुमच्या मते चौथ्या मुलीला किती? आमच्यात अजून एकमत नाही. दोन आणि अडीच असे दोन तट आहेत. एक कुणीच म्हणत नाही.

आणि शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे, नववीतली दिसतेय. 'आम्ही पुढच्या वर्षी पाचव्या प्रश्नात काय लिहायचं?' बाळ, वयाचं उदाहरण पाठ असेल तर ते लिही, त्याचे गुण मिळतील. पण त्याच्याखाली दोन ओळी जागा सोड आणि तुला जे वेगळं सुचलं असेल ते 'कारण' असं लिहून, क्रमाने, जमेल त्या भाषेत लिही. आलेख काढलास तर बिंदूचं नाव दे, रेषांना क्रमांक दे. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून पुढे जा, वाचता यायला हवं. तपासणारा थकलेला असेल, तरी वाचेल. न वाचणारा निघाला, तर छायाप्रत मागव आणि आपल्या बाईंना घेऊन आमच्याकडे ये. शनिवारी दुपारी आम्ही असतो.